शाळेची मूठ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

स्वातंत्र्यदिनाच्या अंकातला आपला अग्रलेख वाचला. देश पुन्हा उभा करायचा तर शिक्षण, श्रद्धा आणि एकी या तिन्ही गोष्टी लागतात, असं आपण लिहिलंय. त्यात खोट काढायला जागा नाही. पण आमच्या गावात या तिन्ही आजही नांदतात, फक्त एकमेकींकडे जात-येत नाहीत. म्हणून हे पत्र.

माझी माण तालुक्यात पिठाची गिरणी आहे. वय त्र्याहत्तर. वडिलांनी ऑइल इंजिनावर सुरू केली, आता मोटर आहे, पण दगडांना टाकी मी अजून स्वतः लावतो. गिरणीत बसलं की गावाचं सगळं कानावर पडतं, आणि काही गोष्टी काट्यावरही दिसतात.

आमच्या घरात कोनाड्यात एक मडकं होतं. मी पाहिलं तेव्हा त्यात खडेमीठ असायचं, पण आजी त्याला 'शाळेचं मडकं'च म्हणायची. पूर्वी जात्यावर बसण्याआधी ती सुपातली एक मूठ ज्वारी काढून त्यात टाकायची. महिन्याकाठी भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगची माणसं पोतं घेऊन यायची आणि घरोघरची मडकी रिकामी करून न्यायची. मुष्टिफंड हा शब्द मी पुढे पुस्तकात वाचला. आजीच्या तोंडी तो 'शाळेची मूठ' होता. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, आणि दुष्काळातही ही मूठ चुकली नाही, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. तिच्या लेखी ते दानबिन नव्हतं. देवाला नैवेद्य काढतात तशी ती मूठ काढायची. आधी देवाची, मग शाळेची, मग घरच्यांची.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली, आणि २५ फेब्रुवारी १९२७ला गांधीजींच्या हस्ते तिथल्या वसतिगृहाचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. पोरांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही काढून दिलं, हे साताऱ्यात कुणालाही विचारा. पुण्याई कुठून आली विचाराल तर सरकारी अनुदान बरंच नंतरचं. आधी हे मंगळसूत्र आणि आजीसारख्या बायांच्या मुठी.

मी त्याच साताऱ्यात १९६४ साली बोर्डिंगात गेलो. बारा वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी पंगतीत माझ्या शेजारी जो मुलगा बसला, त्याच्या घरच्यांना आमच्या गावच्या आडावर दोर टाकता येत नसे. मी ताट पुढे सरकवलं आणि गप्प बसलो. कुणी रागावलं नाही, समजावलंही नाही. वाढप्यानं ताट उचललं आणि पुढच्या पोराला दिलं. संध्याकाळपर्यंत पोटात असे कावळे ओरडले की रात्रीच्या पंगतीला मी सगळ्यांच्या आधी, त्याच्याच शेजारी. वर्षभरानं आमची दोघांची भाकरीची पाळी एकत्र आली. त्याची भाकरी माझ्यापेक्षा गोल यायची आणि तव्यावर टम्म फुगायची. मी गिरणीवाल्याचा पोर, पीठ ओळखायचो, पण थापायचो तो नकाशा. पुढे तो तलाठी झाला, मी मॅट्रिकनंतर गिरणीत बसलो. दोन वर्षांपूर्वी तो गेला. एकीवर मला भाषण करता येत नाही. मला फक्त ते ताट आठवतं.

श्रद्धेचं म्हणाल तर वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन, आणि कीर्तनात देवाआधी पोराच्या शाळेची चौकशी. हातावर भाकरी घेऊन खा पण पोराला शिकवा, हे त्यांनी वडिलांच्या डोक्यात असं काही भरलं की मला साताऱ्याला धाडायला त्यांनी म्हैस विकली. बाबा शाळेत गेले नव्हते. तरी १९५४ साली कराडला रयतचं कॉलेज निघालं ते त्यांच्या नावानं.

आता आजचं सांगतो. आमच्या भैरोबाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. एकतीस लाख जमले. मुंबई-पुण्यातल्या माथाडीपासून सुरतेत सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यापर्यंत प्रत्येकानं पाठवले, मीही दिले, आणि दिल्याचं वाईट वाटत नाही. कळस देखणा झालाय. पण याच देवळाच्या जुन्या सभामंडपात गावची पहिली शाळा भरायची. गुरुजी खांबाला टेकून बसायचे आणि सकाळची घंटा देवाची की शाळेची, हे पोरांना कळायचं नाही. आता मंडपाला लोखंडी दार आहे. समोरच्या जिल्हा परिषद शाळेच्या एका खोलीचा पत्रा गळतो आणि पट आहे चौदा. २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचं परिपत्रक निघाल्यापासून वीसच्या आतला पट म्हटलं की पोटात गोळा येतो. बाकीची पोरं सकाळी सातला पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जातात. माझा नातूही त्याच गाडीत असतो. हे लपवून आपल्याला पत्र लिहिलं असतं तर गावानं मला गिरणीत येऊन सुनावलं असतं.

ग्रामसभेत मी उठून म्हणालो, यात्रेच्या वर्गणीतला दहावा हिस्सा शाळेला द्या. सभा गप्प. मग मागून एक जण म्हणाला, "तात्या, देवाचा पैसा हाय तो." टाळ्या पडल्या नाहीत, पण माना हलल्या.

मला लोकांचा राग येत नाही. हीच माणसं चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटात उभी राहतात, एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि त्या अवघड कड्यावरून शंभू महादेवाच्या कावडी वर चढवतात. वरच्याचा हात सुटला तर खालचा गेला, पण हात धरताना कुणी आडनाव विचारत नाही. २०१८ साली आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं पाणी अडवण्याच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, वॉटर कप, पहिल्या नंबरानं मारली, ती कुदळ-फावड्यानं. म्हणजे एकी संपली वगैरे जे पेपरात येतं ते मला पटत नाही. तिला शाळेचा रस्ता तेवढा कुणी दाखवलेला नाही.

म्हणून ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी मी गिरणीत दाराशी तेलाचा एक रिकामा डबा ठेवला. वर खडूनं लिहिलं, शाळेची मूठ. दळण टाकण्याआधी एक मूठ डब्यात. सक्ती नाही, वही नाही, पावती नाही. आमची ही म्हणाली, चार दिवसांत डब्यात विड्यांची थोटकं सापडतील. एकदाच सापडली. पहिल्या आठवड्यात वेगळाच घोळ झाला. ज्वारी, बाजरी, गहू सगळं एकत्र. इतकी एकी बाजारात चालत नाही, भाव कोण देणार? सूनबाईंनी दोन दुपारी बसून निवडलं. आता तीन डबे आहेत.

एका मुठीत साधारण पन्नास ग्रॅम ज्वारी बसते, मी वजन करून पाहिलीय. पुरुषाची मूठ मोठी असते पण बाईची भरलेली असते. पहिल्या महिन्यात तिन्ही मिळून एकोणचाळीस किलो झालं. म्हसवडच्या बाजारात विकून पंधराशेच्या आसपास आले. देवळाच्या एकतीस लाखांपुढे हे सांगायलाही लाज वाटावी, पण शाळेचे दोन पत्रे बदलले. बसवायला आले कोण, तर ग्रामसभेत 'देवाचा पैसा' म्हणणारे. शिडीही त्यांचीच होती.

आपल्या अग्रलेखात तिन्ही शब्द ठळक छापले होते. ते कात्रण मी डब्यांच्या वर चिकटवलंय, खडू पुसला जातो म्हणून. पत्र छापलंत तर उपकार होतील. आणि कुणी वाचून धान्य घेऊन यायचं म्हणालं तर एवढं कळवा, गुरुवारी गिरणी बंद असते.

आपला नम्र,
एक गिरणीवाला
ता. माण, जि. सातारा