‘आणि साथीदार’ म्हणजे कोण?

महोदय,

मी २५ वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गेल्या वर्षी आम्ही चौघा वादकांनी सुपाऱ्या (ठरलेले कार्यक्रम) सांभाळून बबलगम पॉपचा, म्हणजे साठच्या दशकातल्या सोप्या, गोड चालींच्या इंग्रजी गाण्यांचा, एक छोटा बँड काढला होता. कळव्याला मित्राच्या खोलीत तालमी, ठाण्यात तीन कार्यक्रम. मग ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा) नोकरीसाठी नाशिकला गेला आणि बँड थांबला.

ही गाणी बालिश आहेत असं म्हणणाऱ्यांनी ती एकदा वाजवून बघावीत. दोन-तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), मधे लपायला जागा नाही. एक सूर घसरला तरी पोरांनासुद्धा कळतं. आणि टाळी! आपला हात समेवर पडतो, इथे ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी. उपवनजवळच्या सोसायटीत पहिल्या कडव्याला सगळं अंगण समेवरच टाळ्या देत होतं. मागच्या खुर्चीवरच्या एका आजींनी मात्र गुडघ्यावर थाप देत बरोबर जागा पकडली, मग शेजारची मुलं त्यांच्याकडे बघून वाजवायला लागली. तो क्षण मी विसरणार नाही.

‘शुगर, शुगर’ १९६९ मध्ये अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. रेकॉर्डवर नाव ‘द आर्चीज’, म्हणजे कार्टूनमधली पोरं. प्रत्यक्षात गायला होता रॉन डँटे, सोबत टोनी वाइनचा आवाज. त्याच्या आदल्या वर्षीचं ओहायो एक्स्प्रेसचं ‘यमी यमी यमी’ जोई लेव्हिननं गायलं, पण बँड म्हणून गावोगाव फिरले ते वेगळेच. घरोघरी गाणं पोचलं, गाणारे नाही पोचले. तालमीत हे बोलणं निघालं की आम्ही चौघंही गप्प व्हायचो, कारण आमचंही तेच आहे.

आमच्या तिन्ही कार्यक्रमांच्या पत्रकांवर मंडपवाल्याचं नाव होतं, अल्पोपाहार देणाऱ्याचं होतं. आमच्यासाठी दोन शब्द: ‘आणि साथीदार’. वृत्तपत्रांत येणाऱ्या सूचनांतही गायक, निवेदक, प्रायोजक असतात आणि आम्ही त्याच दोन शब्दांत.

माझी कळकळीची विनंती आहे. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहातल्या संगीतरजनीची सूचना छापताना आयोजकांकडून वादकांची नावं मागून घ्या. एका ओळीत मावतात: कीबोर्ड, गिटार, बास, ऑक्टोपॅड आणि प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव.

– एक कीबोर्डवादक, नौपाडा, ठाणे