चित्रावरून सेट उभा राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरातली नाटकांची परीक्षणं मी न चुकता वाचतो. शेवटी एक ठरलेली ओळ असते, नेपथ्य साजेसं आणि प्रकाशयोजना पूरक, की संपलं. त्यावर माझं भांडण नाही, जागा कमी असते हे समजतं. पण त्या साजेशा सेटच्या मागे मापांचा एक कागद, सेटचा नकाशा, असतो, म्हणजे असायला हवा, आणि हल्ली तो बऱ्याचदा नसतोच, त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

हौशी संस्थांमध्ये आता सेट ठरतो तो एका चित्रावर. पूर्वी हाताने काढलेलं स्केच असायचं, आता थ्रीडी रेंडर येतं नाहीतर सरळ एआयकडून काढून घेतलेलं चित्र ग्रुपवर पडतं. जुना वाडा, वळणाचा जिना, वरती सज्जा, झरोक्यातून तिरपं ऊन. सगळे पसंतीचे अंगठे टाकतात, दिग्दर्शक खूश, आणि मग तेच चित्र मिस्त्रीला फॉरवर्ड होतं, आणि तो विचारतो साहेब दरवाजा किती बाय किती, तर कुणालाच माहीत नसतं. चित्रात माप नसतंच ना. मग मिस्त्री आपल्या मनाने करतो आणि प्रयोगाच्या दिवशी त्याच्याच नावाने खडे फोडायला आपण मोकळे.

आता तो जिनाच घ्या. सज्जा ९ फुटांवर दाखवलाय, म्हणजे १०८ इंच. नऊवारी नेसून चढायचं असेल तर एक चढ, म्हणजे एका पायरीची उंची, सात-सव्वासात इंचाच्या वर नको, म्हणजे १५ चढ झाले. शेवटचा चढ थेट सज्जावर जातो, तेव्हा पाय ठेवायला निदान १० इंच पायरी धरली तरी १४ पायऱ्यांचे १४० इंच, म्हणजे जिना सरळ घेतला तर ११ फूट ८ इंच जागा नुसती जिन्यालाच गेली. आपल्याकडच्या कितीतरी स्टेजवर विंग आणि मागचा पडदा सोडून हातात पुढून मागे २०-२२ फूट जागा उरते, त्यात हा जिना बसवल्यावर सोफा कुठे ठेवणार आणि नटांनी फिरायचं कुठे? आणि वर गेलेली बाई दारातून आत जाते ती पुढे जाते कुठे, हे तर चित्रात कधीच नसतं. दाराच्या मागे तिला उभं राहायला लेव्हल, म्हणजे उंच चौथरा लागतो, कठडा लागतो, अंधारात खाली उतरायला दुसरी शिडी लागते. प्रेक्षकांना न दिसणारा हा जिना दिसणाऱ्या जिन्याइतकाच खर्चाचा असतो, पण चित्रात नाही म्हणून तो बजेटमध्येही नाही, आणि मग ती बाई नऊ फुटांवर स्टुलावर उभी असते. हे मी बघितलंय, संस्थेचं नाव सांगत नाही.

नकाशा म्हणजे फार काही अवघड प्रकरण नाही. अर्ध्या इंचाला एक फूट धरून वरून दिसणारा प्लॅन, स्टेजची सेंटर लाईन आणि पडद्याची रेषा त्यावर मारलेली, म्हणजे कुठल्याही थिएटरात गेलात तरी टेप कुठून धरायचा ते ठरलेलं असतं. मग बाजूने कापलेला सेक्शन. आणि प्रत्येक फ्लॅटचा, म्हणजे चौकट ठोकून केलेल्या भिंतीच्या तुकड्याचा, वेगळा कागद, तोही मागून बघितलेला! यावर लोक हसतात, पण मिस्त्री फ्लॅट पालथा टाकून चौकट ठोकत असतो, त्याला पुढून काढलेलं ड्रॉइंग दिलं की डावीकडची खिडकी उजवीकडे गेलीच म्हणून समजा.

फ्लॅट चारच फुटी का करतात हे नवीन मुलांना विचारा, सांगता येत नाही. प्लाय ८ बाय ४ चा येतो. तुम्ही चित्रात छान दिसतं म्हणून साडेचार फुटी भिंत काढली की अर्ध्या फुटासाठी दुसरी शीट कापावी लागते आणि जोड पडतो तो वेगळाच, वर कापडाची पट्टी चिकटवून रंग मारा. वजनाचंही तसंच, १८ एमएमची एक अख्खी शीट तीसेक किलो भरते, सगळा सेट त्यातच केला तर तो उचलणार कोण, बॅकस्टेजला पोरं किती आहेत? उभ्या भिंतीला रीपांची चौकट आणि वर कापड किंवा पातळ प्लाय पुरतो, जाड प्लाय जिथे माणूस उभा राहणार तिथेच. आणि वाहतूक. छोटा हत्तीचा हौदा सात-सव्वासात फुटांचा, त्यात १२ फुटी फ्लॅट जाणार कसा? तो मधोमध बिजागरीवर घडी होणारा करायचा हे सुतारकामाच्या आधी कागदावर ठरायला लागतं, गाडी दारात आल्यावर करवत काढून नाही.

कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी आनंदराव आणि बाबूराव पेंटर संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे. पडद्याला रुंदी आणि उंची कळली की भागत होतं, तिथे चित्र हाच सेट होता. १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने रंगवलेले पडदे सोडून खऱ्या दारंखिडक्यांची खोली स्टेजवर आणली, तेव्हापासून आपण स्टेजवर चक्क बांधकाम करतोय. आणि बांधकाम म्हटलं की प्लॅन आलाच, घराला कोण नुसता फोटो दाखवून गवंडी लावतो का?

पण सगळा दोष नेपथ्य करणाऱ्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. नकाशा काढायचा तर स्टेजचं माप लागतं आणि ते मिळवणं म्हणजे एक दिव्यच आहे. नगरपालिकेच्या नाट्यगृहात फोन केला की खुर्च्या किती, एसीचं भाडं किती, डिपॉझिट किती हे तोंडपाठ सांगतात, पण दर्शनी चौकटीची रुंदी किती, स्टेजवर वरून सोडलेली पडद्याची झालर किती उंचीवर येते, विंगेत जागा किती, सामान आत घ्यायचं दार केवढं हे विचारलं की येऊन बघा म्हणतात. राज्य नाट्य स्पर्धेला तर आयत्या वेळी दुसऱ्या गावचं केंद्र मिळालं की संपलंच. झालर कुठे येते हे माहीत नसेल तर बाल्कनीतल्या प्रेक्षकाला तो सज्जा दिसणार की नुसतेच नटाचे पाय, हे सांगणार कसं?

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली, त्याच्या उभारणीसाठी तरी मोजमापं नक्कीच घेतली असणार. तीच फुटात लिहून एका पानावर, प्लॅन आणि सेक्शन, सगळ्यांना मिळतील अशी ठेवावीत. आणि महाराष्ट्रातल्या सगळ्याच नाट्यगृहांनी बुकिंगच्या खिडकीवर आणि वेबसाईटवर दरपत्रकाच्या शेजारी हे एक पान लावावं, एवढीच मागणी तुमच्या पेपरने लावून धरावी. खर्चाचं कारण कुणी सांगू नये. आमच्या गावच्या थिएटरचं पान आमची संस्था फुकट काढून देईल, प्रिंटसुद्धा आमची, फक्त प्रयोग नसलेल्या दिवशी दुपारी तासभर स्टेज उघडून द्या आणि झालर खाली घ्यायला एक माणूस द्या.

आपला,
एका हौशी संस्थेचं नेपथ्य सांभाळणारा वाचक, सांगली