काळजा, सोस

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘आईवर पुन्हा ओरडलो, हा राग आता मुळासकट उपटून टाकायचाय,’ असं तू लिहिलंस. पंधरा दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून मीही त्याच वाटेवर आहे.

गेल्या आठवड्यात एका रात्री २ वाजता त्यांनी चौथ्यांदा हाक मारली. नुकतीच बदललेली चादर पुन्हा ओली. मी ती अशी हिसकली की त्यांचा लुळा हात पलंगाच्या कठड्यावर आपटला. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. सुहास, त्या क्षणी मला स्वतःचा जो संताप आला, तो चादरीच्या संतापाहून कितीतरी मोठा होता.

मग झोप कुठली? ग्रीक महाकवी होमरचा नायक ओडिसियस आठवत राहिला. वीस वर्षांनी घरी आलेला, भिकाऱ्याच्या वेशात, स्वतःच्याच घराच्या ओसरीवर बैलाच्या कातड्यावर पडलेला. त्याच्या बायकोला मागणी घालून घर खात बसलेल्या पुरुषांकडे दासी हसत-खिदळत निघतात, आणि पिल्लांवर उभ्या राहिलेल्या कुत्रीसारखं त्याचं काळीज गुरगुरू लागतं. तो छातीवर हात मारून म्हणतो, ‘काळजा, सोस. याहून वाईट तू सोसलंयस.’ काळीज ऐकतं. तरी तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर तळमळतो. होमरने हे लिहिलं म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात हीच ओळ घेतली. दटावणारा आणि दटावून घेणारा एकच कसा असेल, असा त्याचा मुद्दा. म्हणून तो आत्म्याची तीन अंगं मानतो: विवेक, वासना आणि थूमॉस. थूमॉस म्हणजे राग, लाज, स्वाभिमान, सगळं एकत्र. आपल्या ‘धूम’ शब्दाचा हा नातलग. आपणही राग आत धुमसतो म्हणतोच की. हे थूमॉस बिघडलं नसेल तर विवेकाच्या बाजूने लढतं, गुराख्याने हाक मारली की मागे फिरणाऱ्या कुत्र्यासारखं.

तिथेच लिओन्टियस नावाच्या एका माणसाची गोष्ट आहे. पिरेयस बंदराहून अथेन्सकडे येताना तटाबाहेर, जल्लादापाशी, त्याला प्रेतं पडलेली दिसतात. बघावंसंही वाटतं, किळसही येते. तो तोंड झाकतो, झगडतो, शेवटी डोळे फाडून धावत जातो आणि ओरडतो, ‘घ्या मेल्यांनो, बघा पोटभर!’ हरला बिचारा. पण ओरडला कोणावर? स्वतःच्याच डोळ्यांवर.

म्हणून सांगतो, उपटू नकोस. काकूंवर ओरडून झाल्यावर तू जिन्यात जाऊन रडलास ना, तेही थूमॉसच. ते उपटलंस तर पुढच्या वेळी तुला थांबवायला आत कोण उरेल? त्याला हाक ओळखायला शिकवायचंय, आणि ते एका रात्रीत होणार नाही. मी आता बाबांच्या खोलीत शिरण्याआधी चौकटीला धरून क्षणभर उभा राहतो, छातीवर हात ठेवतो आणि तेच दोन शब्द पुटपुटतो. मंगळवारी जमलं नाही. काल जमलं: आधी बाबांचा हात उचलून त्यांच्या छातीवर ठेवला, मग चादर ओढली.

बाबा जागे झालेत. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
अनंत