रेन ट्रीचं खरं दुखणं सांगणाऱ्या मॅडमना

सप्रेम नमस्कार,

आमच्या सोसायटीतला रेन ट्री तोडावा लागला आणि तरीही हे आभाराचं पत्र आहे. संरक्षित यादीतलं जुनं झाड तोडायची शिफारस ज्या वृक्षतज्ज्ञ मॅडमनी केली, त्यांचेच आभार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावतील. उंचावोत. त्या दिवसांत तुमच्यावर दोन्हीकडून किती दबाव होता, ते आम्ही जवळून पाहिलंय. एका गटाला ‘झाड धोकादायक’ एवढा एका ओळीचा दाखला हवा होता, म्हणजे पार्किंगचा प्रश्न परस्पर सुटला असता. दुसऱ्या गटाला ‘झाड ठणठणीत आहे’ असं लिहून हवं होतं. तुम्ही दोघांनाही ‘आधी झाड बघू द्या’ म्हणालात आणि खुरपं घेऊन बुंध्याशी बसलात.

झाडाचं खोड जमिनीला टेकताना पसरतं, मुळांचे फुगवटे वर दिसतात. आमचं खोड मात्र विजेच्या खांबासारखं सरळ मातीत गेलेलं. इतकी वर्षं ते कुणाला खटकलं नव्हतं. हातभर उकरल्यावर खरा बुंधा लागला. त्याच्यावर होता मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, म्हणजे बांधकामाच्या वेळी टाकलेला भराव. पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि त्यांना हवा लागते. भराव टाकणाऱ्याला हे कुणी सांगितलं नसेल. किंवा सांगितलंही असेल! शिवाय एका अंगाने ड्रेनेजचा चर खोडाला खेटून गेलेला, मोठी मुळं तोडत.

बांधकामाजवळच्या झाडांसाठीचं ब्रिटिश मानक ५८३७ खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ राखायला सांगतं, असं तुमच्याकडून कळल्यावर आम्ही लगेच टेप काढली. खोड साधारण मीटरभर जाड, म्हणजे चहूबाजूंनी १२ मीटर. त्यात आमचं अर्धं पार्किंग आलं.

लाकडी हातोडीने खोड ठोकत तुम्ही फिरलात, तेव्हा मुलं मागोमाग कान लावत होती. चराच्या बाजूला आवाज एकदम बसका झाला. तिथेच खाली तपकिरी, कडक भूछत्र आणि आजूबाजूच्या पानांवर त्याची भुकटी. मग ती बारीक सुई खोडात शिरली आणि यंत्राच्या आलेखावरची रेघ मध्येच खाली बसली, म्हणजे आत लाकूड पोकळ. सगळ्यांचे चेहरे पडले. पण तुम्ही म्हणालात, ‘पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड नव्हे.’ अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिल्याप्रमाणे झाड जखम भरून काढत नाही, कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेर नवं लाकूड वाढवतं. बाहेरचं कवच पुरेसं जाड असेल तर पोकळ झाडही वर्षानुवर्षं उभं राहतं. म्हणून पहिल्या अहवालात तोडणी नव्हतीच. भराव काढा, एका बाजूचा भार हलका करा, खेळाचं मैदान हलवा, आणि थांबा.

थांबलो. पण वादळी वाऱ्यात खोड हललं की चराच्या बाजूची माती उचलली जाऊ लागली. मुळांनीच साथ सोडल्यावर कवच कितीही जाड असो, त्याचा उपयोग नाही. तेव्हा कुठे तुम्ही तोडायचं लिहिलंत, कारणं आणि फोटोंसकट, स्वतःच्या सहीने. परवानगी हातात असतानाही पिल्लं उडून जाईपर्यंत करवत लावू दिली नाहीत. बुंधा छातीइतका उंच ठेवायला लावलात आणि जाड ओंडके तिथेच, किड्यांसाठी. त्यावर सोसायटीत अजून कुरबुर चालू आहे, ती चालू राहील.

सर्वांत मोठे आभार मात्र नव्या झाडांबद्दल. क्रेनने तयार वाढलेली झाडं आणून गेटपाशी ओळीने लावायची, फोटो काढायचे, असं जवळपास ठरलं होतं. तुम्ही लहान रोपं निवडलीत, कारण खणून आणलेल्या मोठ्या झाडाची मुळं मागेच राहतात आणि ते सावरेपर्यंत लहान रोप त्याला गाठतं. नर्सरीतल्या प्रत्येक रोपाची पिशवी फाडून मुळं पाहिलीत. आत गोल गोल गुंडाळलेली निघाली, ती रोपं परत पाठवलीत. खड्डे खोल नको, रुंद हवेत, हे माळीदादांना पटवायला तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला असावा. एकाच जातीची रांगही नको म्हणालात. एक रोग आला की सगळी रांग जाते.

आणि ही रोपं त्या झाडाची भरपाई आहेत, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. जुन्या झाडाच्या छत्रीएवढा पर्णसंभार यायला कित्येक वर्षं जातील, हे भर सभेत सांगितलंत. गोड बोलून वेळ मारून नेणं सोपं होतं.

सध्याची खबर: रोपं जगली आहेत, एक सोडून. ते गेलं कारण पालापाचोळा खोडाला चिकटवून रचला होता आणि साल कुजली. आता सगळीकडे वीतभर अंतर ठेवलंय. पाणी घालणाऱ्यांची यादी जिन्यापाशी लावली आहे, सुट्टीतली पाळी कुणाची हेही त्यात आहे. आधाराच्या काठ्या वर्षभरात काढा म्हणाला होतात, ती वेळ जवळ आलीय. दोन रोपं अजून डुगडुगतात. काठ्या काढण्याआधी एकदा नजर टाकून जाल का?

आपले नम्र,
सोसायटीचे रहिवासी (दोन्ही गटांतले)