छोट्या इलेक्ट्रिक गाडीचा हिशोब आमच्या गावाचा पण मांडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरात छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांवर पानभर मजकूर आला होता, वर मोठ्या अक्षरात "एक रुपयात एक किलोमीटर", आणि तेव्हापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषयच नाही. आमची पेट्रोल गाडी २०११ ची, म्हणजे पंधरा वर्षं भरत आली, आता नोंदणी नूतनीकरण करायचं तर पुन्हा फिटनेस, पर्यावरण कर, आणि शिवाय क्लच आणि सस्पेन्शनचं काम निघालंय, त्यामुळे नवी घ्यायची का आणि घेतली तर कुठली हा प्रश्न खरोखरच समोर आहे. मी पस्तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, त्यामुळे आकडा दिसला की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून वही काढली आणि दोन आठवडे हेच केलं.

पहिली गोष्ट म्हणजे तो एक रुपया. तो आकडा रेंज (म्हणजे एका फुल चार्जवर गाडी किती जाते) किती धरली आणि घरच्या विजेचा दर कुठल्या स्लॅबचा धरला यावर ठरतो. टाटाच्या टियागो ईव्हीची, म्हणजे इलेक्ट्रिक टियागोची, मोठी बॅटरी २४ युनिटची, २०२२ मधे गाडी आली तेव्हा कागदावरची रेंज ३१५ किलोमीटर. ती चाचणी ठरलेल्या वेगात, ठरलेल्या पद्धतीने होते, तिथे ना आपला एसी ना साताऱ्यात राजवाड्याकडे चढणारा रस्ता. मला एका शोरूममधे असाच कागदावरचा आकडा "मॅडम, एवढी जातेच" म्हणून सांगितला गेला, मी दोनदा विचारलं तरी तेच उत्तर. शेवटी ज्यांच्याकडे छोटी ईव्ही आहे अशा ओळखीच्या तिघांना गाठलं, तेव्हा कळलं की गावात चालवली तर फुल चार्जवर १८० ते २०० मिळतात, हायवेला त्याहून कमी. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, पण साठीच्या माणसाने एवढ्यावर विश्वास ठेवून पुण्याला जायला निघायचं आणि खंबाटकी घाटात बॅटरीचा काटा खाली आला की घाम फुटायचा हे बरोबर नाही.

आता आमचा हिशोब. रोजचं सरासरी २५ किलोमीटर, महिन्याचे साडेसातशे. चढउतार, एसी आणि चार्ज होताना वाया जाणारी वीज सगळं धरून युनिटला मी सव्वासहा किलोमीटरच धरले, म्हणजे महिन्याला १२० युनिट. आमचं घरातलं बिल पावणेदोनशे-दोनशे युनिटचं, त्यात हे १२० आले की उन्हाळ्यात ३०० ची रेघ ओलांडली जाणार. शेजारच्या काकांना वाटत होतं की ३०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो, तसं नाहीये, महावितरणच्या बिलात फक्त वरच्या युनिटना वरचा दर लागतो, बाकीचे आपापल्या स्लॅबमधेच राहतात. म्हणून वहन आकार, अधिभार वगैरे सगळं मिळून मी युनिटला सरसकट १४ रुपये धरले, जरा जास्तच. १,६८० रुपये झाले. म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये. एक नाही.

तरी ते पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी आहे हो. पेट्रोल १०५ धरा, लिटरला १५ धरा, महिन्याला ५० लिटर म्हणजे ५,२५० रुपये. महिन्याला साडेतीन हजार वाचतात, ऑइल, फिल्टर, क्लच ही भानगड नाही म्हणून सर्व्हिसिंगचे वर्षाला पाच हजार धरले तर वर्षाकाठी ४८ हजाराच्या आसपास. गाडीच्या किमतीतला फरक मात्र कमी नाही. ईव्हीला जीएसटी ५ टक्के आहे, आणि राज्यात पेट्रोलच्या दहा लाखाखालच्या गाडीला जो ११ टक्के रोड टॅक्स लागतो तो ईव्हीला माफ आहे, पण सप्टेंबर २०२५ मधे छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि त्या गाड्या एकदम स्वस्त झाल्या, त्यामुळे दोघींमधली दरी उलट रुंदावली. आम्हाला मिळालेल्या कोटेशनमधे ऑन रोड फरक तीन लाखाच्या घरात होता. तीन लाख भागिले ४८ हजार, सव्वासहा वर्षं. ज्यांचं रोजचं फिरणं दहा-बारा किलोमीटरच आहे त्यांचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत, आणि जे रोज ४०-४५ करतात त्यांचे चार वर्षांत होतील. आपल्या लेखात हे एक वाक्य असतं तरी किती लोकांना उपयोग झाला असता.

आणि सीएनजीचं काय? त्याचा तर लेखात उल्लेखच नव्हता. महाराष्ट्रात मध्यमवर्गीय माणूस पेट्रोल की इलेक्ट्रिक असा विचार करतच नाही, तो सीएनजी की इलेक्ट्रिक असा करतो. किलोला २५ किलोमीटर, भाव नव्वद धरला तर महिन्याला २,७०० रुपये. म्हणजे ईव्हीने वाचणार महिन्याला हजार रुपये, आणि गाडीतला फरक दोन लाख धरला तर ते भरून यायला सोळा वर्षं. पैशाच्या गणितात सीएनजी जिंकते हे मी सरळ कबूल करते. बॅटरी भाड्याने घ्यायची योजना पण करून बघितली. एमजी कंपनीच्या कॉमेट या छोट्या ईव्हीची २०२४ च्या सप्टेंबरात आली तेव्हा गाडी ४.९९ लाख आणि किलोमीटरला अडीच रुपये बॅटरीचं भाडं अशी होती. सुरुवातीची रक्कम बघून मन लगेच तयार होतं, पण अडीच अधिक विजेचे सव्वादोन म्हणजे पावणेपाच रुपये किलोमीटर, सीएनजीपेक्षा जास्त. ज्यांच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्यांना ती सोय आहे, पण ती बचत म्हणून सांगू नये.

मग तरीही आम्ही ईव्हीकडे का वळतोय, तर त्याची कारणं वहीत मावत नाहीत. आमच्या ह्यांना दम्याचा त्रास आहे, घर पेठेत, समोरची गल्ली इतकी अरुंद की गाडी सुरू करून बाहेर काढेपर्यंत धूर सगळा पुढच्या खोलीत. सीएनजीला पंपावर कधी कधी तासभर रांग, या वयात उन्हात तिथे उभं राहायचं नाहीये. माझा डावा गुडघा गेली चार वर्षं दुखतोय आणि सातारचे रस्ते सगळे चढाचे, पोवई नाक्यावरून वर येताना ट्रॅफिकमधे हाफ क्लचवर गाडी धरायची म्हणजे शिक्षाच. ईव्हीला क्लच नाही, गिअर नाही, चढावर थांबली तरी हलकेच उचलते. मी टेस्ट ड्राइव्हला यवतेश्वरच्या घाटात नेली आणि वर पोचल्यावर दोन मिनिटं बोललेच नाही, इतकं बरं वाटलं. इंजिनाचा आवाज नाही म्हणून पाखरांचा आवाज काचा खाली करून ऐकू येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घाटाची भीती सगळे घालतात म्हणून तेही गणित केलं. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशे, फरक साडेसहाशे. गाडी आणि आम्ही चौघं मिळून दीड टन. वस्तुमान गुणिले जी (गुरुत्व त्वरण) गुणिले उंची, नववीच्या मुलांना मी हेच शिकवायचे, उत्तर येतं अडीच-पावणेतीन युनिट, नुकसान धरून तीन. म्हणजे मेढ्यावरून केळघर घाटाने ५५ किलोमीटर वर जायला एरवीचे आठ आणि चढाचे तीन असे अकरा युनिट, आणि उतारावर मोटर जनरेटरसारखी उलटी चालून थोडी वीज परत भरते म्हणून खाली यायला पाच-सहा. २४ मधले १७ संपले. मधे चार्ज न करता जाऊन येता येतं. घाट हा प्रश्नच नाही. प्रश्न हायवेचा आहे, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गात वाढतो, ताशी ६० ला जे लागतं त्याच्या सव्वादोनपट जोर ९० ला हवेविरुद्ध लावावा लागतो.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. आमची लेक पुण्यात असते, ११०-११५ किलोमीटर. जायला गाडी पुरते, यायला तिथे चार्ज करावी लागणार. तिच्या सोसायटीत विचारलं, पाहुण्यांच्या पार्किंगमधे नाहीच, पण तिला स्वतःच्या जागेत १५ अँपिअरचा पॉइंट घ्यायचा तरी वर्षभर नुसतं "मीटिंगमधे ठेवू" चाललंय. बाहेरच्या फास्ट चार्जरला युनिटला वीस-पंचवीस रुपये पडतात, वर जीएसटी, म्हणजे किलोमीटरला साडेतीन-चार, आणि तासभर थांबणं. म्हणजे ज्याला घरी प्लग नाही त्याच्यासाठी ही गाडी सीएनजीपेक्षा महाग आणि गैरसोयीची आहे. याउलट सातारा, वाई, कराड, फलटण इथे बघा. घराला अंगण आहे, निदान गाडी दाराशी उभी राहते, मीटर स्वतःचं, गच्ची स्वतःची. दिवसाचं फिरणं वीस-तीस किलोमीटर. छोट्या बॅटरीची छोटी गाडी अगदी याच आयुष्यासाठी बनल्यासारखी आहे. २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनलला ७८ हजार अनुदान मिळतं, तेवढ्या पॅनलवर चांगल्या उन्हात दिवसाला दहा-बारा युनिट होतात, गाडीला लागतात चार. पॅनलचा खर्च वेगळा, तो गाडीच्या हिशोबात मिसळू नये, पण पुण्यातल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्याला हे करताच येत नाही आणि आम्हाला येतं.

आणि सवलती कुणाला? राज्याच्या २०२५ च्या धोरणात टोलमाफी कुठे आहे तर अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी. आम्ही पुण्याच्या वाटेवर आनेवाडी आणि खेड-शिवापूरला टोल भरतो तो तसाच भरणार. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहनांच्या अनुदान योजनेत खाजगी कारला काही नाही. लेख पण सगळे मुंबई-पुण्याचा माणूस डोळ्यासमोर ठेवून. छोट्या गावातल्या माणसाला कुणी सांगतच नाही की अहो हे तुमच्यासाठी आहे, आणि त्याला जे खरोखर अडतं त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

अडतं ते असं. आमचं घर सत्तर वर्षांचं, इलेक्ट्रिशियनने तपासलं तर अर्थिंग नावालाच होतं. गाडीचा चार्जर आठ-नऊ तास सलग तीन किलोवॅट खेचतो, जुन्या वायरिंगवर ते चालवणं धोक्याचं, म्हणून मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (जास्त लोड आला की वीज तोडणारा), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा. शोरूममधे याबद्दल एक शब्द कुणी काढला नव्हता. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते ती कधी कधी रात्रभर, त्यामुळे बॅटरी कधीच तीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही अशी सवय लावावी लागेल. आणि आठ वर्षांनंतरचं काय, हे तर कुणीच बोलत नाही. टियागोच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, आमच्या फिरण्याने आठ वर्षांत सत्तर-पंचाहत्तर हजार होतील, म्हणजे किलोमीटरची काळजी नाही, पण नवव्या वर्षी ती गाडी विकायला काढली तर घेणारा कशावरून भाव ठरवणार? बॅटरीत किती जीव उरलाय याचा सर्टिफिकेट सारखा एक ठरलेला कागद आणि नव्या बॅटरीची छापील किंमत, या दोन गोष्टी कंपन्यांनी द्यायला लावा, आमच्यासारख्यांची निम्मी धाकधूक जाईल.

एक अजून, "प्रदूषणमुक्त" हा शब्द जपून वापरावा ही विनंती. कोयना धरण आमच्याच जिल्ह्यात, त्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचा प्रकल्प, त्याचा आम्हाला अभिमान आहे, पण राज्याच्या तारांमधून येणारी बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडीच्या कोळशावर होते. ईव्हीची मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते म्हणून एकूण फायदा आहेच, आणि गल्लीतला धूर थांबतो हा तर मोठाच. तेवढं खरं सांगितलं तरी लोक घेतील.

माझी विनंती एवढीच आहे की आपल्या पेपरच्या जिल्हा आवृत्तीत एकदा असा तक्ता छापा, त्यात रोजचे दहा, पंचवीस आणि पंचेचाळीस किलोमीटर अशा तीन ओळी करा, पेट्रोल, सीएनजी आणि ईव्ही तिन्ही शेजारी शेजारी, वीज दर स्लॅबप्रमाणे आणि अर्थिंग-वायरिंगचा खर्च धरून. आणि आमच्या तालुक्यांच्या एसटी स्टँडबाहेर एक-एक तरी चालू स्थितीतला चार्जर हवा हे लावून धरा.

आमच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा गेल्या रविवारी झाला. सोमवारी पाणी घालून इलेक्ट्रिशियनने रीडिंग घेतलं, ठीक आलंय. गाडीचं बुकिंग या आठवड्यात करतोय, चोवीस युनिटवालीच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा