गोळ्यांशिवाय टिकलेल्या पेशी

पुणे, रविवार

प्रिय मीनल,

"स्वीडनची ती बातमी खरी का गं? आपल्या ईशाला होईल का उपयोग?" असं तू विचारलंस. हे फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायलाच बसले.

बातमी खरी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला ४२ वर्षांच्या एका माणसाच्या हाताच्या स्नायूत, मृत दात्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी टोचल्या. ईशासारखाच त्यालाही टाइप १ मधुमेह आहे, ३७ वर्षं. प्रतिकारशक्ती दाबणारी एकही गोळी त्याला दिली नाही, तरी १२ आठवड्यांनंतर त्या पेशी जिवंत होत्या, काम करत होत्या. फक्त डोस मुद्दाम अगदी कमी ठेवला होता, त्यामुळे त्याचं इन्सुलिन काही सुटलेलं नाही.

मग एवढं काय त्यात? अगं, परक्याच्या पेशी देऊन इन्सुलिन बंद करणं २००० सालीच कॅनडात एडमंटनला जमलं होतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूळपेशींपासून (स्टेम सेल) प्रयोगशाळेत केलेल्या पेशींनी १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. पण त्या सगळ्यांना टॅक्रोलिमससारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. संसर्गाची भीती, किडनीवर ताण. आठ वर्षांच्या पोरीला सुईच्या बदल्यात हे कोण देईल? अडलं होतं ते इथेच.

आता त्यांनी केलं काय ते सांगते. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी अंगावर एचएलए नावाची प्रथिनं मिरवते, ओळखपत्रासारखी. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी ती तपासतात. परकी दिसली की संपवतात. म्हणून क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्राने दोन जनुकं बंद केली, बीटूएम आणि सीआयआयटीए. ओळखपत्रच गेलं. पण शरीर इतकं भोळं नाही. ज्यांच्याकडे ओळखपत्रच नाही अशांना हेरून मारणाऱ्या एनके पेशी आपल्यात असतातच. त्यांना थोपवण्यासाठी सीडी४७ हे प्रथिन पेशींवर भरपूर वाढवलं. ते दिसलं की मारेकरी हात आवरतात.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. जनुकबदल कधीच शंभर टक्के होत नाही, त्यामुळे टोचलेल्या डोसात तिन्ही प्रकारच्या पेशी होत्या: न बदललेल्या, अर्धवट बदललेल्या आणि पूर्ण बदललेल्या. पहिल्यांवर टी पेशी तुटून पडल्या, दुसऱ्याही मारल्या गेल्या, तिसऱ्यांना कुणी हात लावला नाही. एकाच हातात, एकाच माणसाच्या प्रतिकारशक्तीने तिघींचा निवाडा केला. शिवाय याच शरीराने लहानपणी स्वतःच्याच इन्सुलिनच्या पेशी मारल्या होत्या, हेही विसरू नकोस. त्यांच्या शोधनिबंधातले आलेख मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

काळजीही आहे. प्रतिकारशक्तीला न दिसणारी पेशी उद्या बिघडली, तिचा कर्करोग झाला, तर तिला अडवणार कोण? म्हणून गरज पडली तर औषध देऊन ती पेशी मारता येईल, असा खटका आधीच बसवून ठेवायचे प्रयत्न चालू आहेत. बारा आठवडे आणि ईशाचं अख्खं आयुष्य, यात फार अंतर आहे. मृत दातेही कधी पुरणार नाहीत. एकदा नीट बदललेल्या मूळपेशींपासून हव्या तेवढ्या पेशी तयार करता आल्या तरच हे आपल्यापर्यंत येईल. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, पण तीत प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी घेऊन नव्याने सुरुवात करावी लागते. तयार पेशी फ्रीझरमधून काढून देता येणं ही वेगळीच गोष्ट होईल. ते होईल असं मला मनापासून वाटतं. सालाचा आकडा मात्र मागू नकोस.

तोवर इन्सुलिन, ग्लुकोज सेन्सर, वेळेवर जेवण. एकही डोस चुकवायचा नाही.

आणि इथल्या कुणीतरी तुला 'स्टेम सेलने मधुमेह बरा' असं पत्रक दिलंय म्हणालीस ना? मधुमेहासाठी असा मंजूर उपचार आपल्याकडे नाही, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे भरू नकोस. पत्रकाचा फोटो काढून आजच मला व्हॉट्सअ‍ॅप कर, आणि भाऊजींनाही हे पत्र वाचायला दे.

तुझीच,
सुजाता