दिवाळीच्या तिकिटांबद्दल

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची इकडे यायची दिवाळीची तिकिटं मी एप्रिलवर ढकलली आहेत. फोनवर सांगितलं असतं तर आई "बरं" म्हणून गप्प झाली असती आणि पुढचं मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

कारण आमचं धुराडं. वूस्टरचं हे घर 1920च्या सुमाराचं. विटांच्या एकाच धुराड्यात दोन नळ्या आहेत, एक दिवाणखान्यातल्या शेकोटीची, दुसरी तळघरातल्या तेलावरच्या बॉयलरची. अमेरिकेतलं मानक, एनएफपीए 211, सांगतं की धुराडं दरवर्षी तपासावं, आणि घर विकलं गेलं की आत कॅमेरा सोडून पाहावं. म्हणून माणूस बोलावला. त्यानं ताडपत्री अंथरून, दांड्याला लावलेला कॅमेरा हळूहळू वर सरकवला. शेकोटीच्या नळीत काजळी डांबरासारखी चकचकीत झालेली. ओलं लाकूड जाळलं की धूर वर जाताना थंड होऊन असे थर धरतात, आणि पुढे कधीतरी तेच पेट घेतात. शेकोटी काय, नाही पेटवली तरी चालेल. पण बॉयलरच्या नळीतल्या मातीच्या नळकांड्याला हातभर उभी चीर आहे. तिथून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला ना वास, ना रंग.

बाबा, "थोडी खिडकी उघडी ठेवा की" असं तुम्ही तरी म्हणू नका. कारखान्यात बॉयलर इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय अग्निप्रदीपनाला काडी लावू द्यायचा नाहीत तुम्ही, चेअरमन ताटकळत उभे असले तरी!

आत स्टीलची नळी घालायचीय, पण थंडीच्या तोंडावर सगळ्यांनाच धुराडं आठवतं, त्यामुळे आमचा नंबर डिसेंबरात. तोवर बॉयलर बंद. आमची काळजी नको. विजेचे हीटर आहेत, गरम पाणीही विजेवरच आहे, आणि अलार्म प्रत्येक मजल्यावर लावलेत. डिसेंबरनंतर बोलावलं असतं, पण जानेवारीतली इथली हवा आईच्या छातीला सोसायची नाही. एप्रिलमध्ये तुम्हाला खालचीच खोली देते. बाथरूम लागून आहे, जिना नाही, खिडकीत सकाळचं ऊन येतं. बाबांचा रेडिओही तिथेच ठेवते.

आई, वाड्यात बंब पेटवताना मला पदराआड घ्यायचीस आणि स्वतः खोकत बसायचीस. आता माझं ऐक. पंप दोन घे, एक पर्समध्येच ठेव, बॅगेत नको. डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घे. आणि धुपाटणं आणू नकोस, इथला अलार्म आरतीला थांबत नाही.

तिकिटांचे वरचे पैसे मी भरलेत, बाबा, तो विषय काढू नका. चकल्या मात्र कुरिअरनं पाठवा. काकूकडच्या नकोत, आपल्याच.

तुमची,
मनू